डावीकडून येणारं विमान

शहापूर, बेळगाव
१२ जानेवारी २०२५

अण्णा,

पाया पडतो, आणि आधीच सांगतो, कालच्या कॉम्प्युटरवरच्या लढाईतली चूक माझी न्हाय. तू म्हणालास "माझ्या मागं ये", मी आलो. आता तो शत्रूचा गडी डावीकडून येऊन कधी माझ्या पाठीवर बसला, हे मला कसं दिसणार? कित्तूरच्या वळणावर गाडीवरून पडलो तेव्हापासून माझी मान डावीकडं वळत न्हाय, हे तुला ठाऊक आहे. टोपीला तो सेन्सर लावून काय उपयोग? मान वळली तर पडद्यावर मागचं दिसणार ना.

विद्युल्लता शेजारी शाळेच्या वह्या तपासत बसलेली असते. तीच ओरडली, "डावीकडं बघा की हो!" तोवर माझा पंख गेलता. माईकवर तुला ऐकू गेलं असणार, कारण तू एकदम गप्प झालास. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं न्हाय हा आपल्या घरचा कायदा तू विमानात बसून पण पाळतोस. तीही तसलीच. "अण्णांना विचारा, गोळ्या घेतल्या का," असं मला सांगते, आणि तुझा आवाज खोलीभर घुमत असतो.

तर गोळ्या घेतल्यास का? हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनचं डॉक्टर काय म्हणाले? मला लढाईत सांगतोस "पळू नको", आणि दवाखान्याचं नाव काढलं की तूच पळतोस. वीस वर्षं विमानदलात दुसऱ्यांची इंजिनं उघडलीस, आता स्वतःचं उघडायची वेळ आली तर भ्यायला काय झालं?

कालच्या लढाईत माझं काय चुकलं ते नेहमीसारखं लिहून पाठव. माईकवर सांगू नको, शिव्या फार येतात. भरमा कंडक्टर दुपारच्या गाडीला असतो, त्याच्याकडं दे.

तुझा,
आनंद

*

निपाणी
१५ जानेवारी २०२५

आनंदा,

तुझं पत्र वाचायला माझा चष्मा, तुझ्या वहिनीचा, रुक्मीचा चष्मा आणि खिडकीतला उजेड असं तिन्ही लागलं. कचेरीत तुझं अक्षर कोण वाचतं रं? का तिथं पण बायकोला घेऊन जातोस?

चूक सांगतो. पाठीवर कुणी आलं की तू सरळ पळतोस. घाबरलेलं माणूस सरळच पळतंय. त्याला वाटतं, लांब गेलो म्हणजे वाचलो. गोळी तुझ्यापेक्षा जोरात पळती, एवढं डोक्यात ठेव. पाठीवर कुणी आलं की माझ्याकडं वळायचं. मी तुझ्याकडं वळणार. एकमेकांला ओलांडायचं, परत वळायचं, परत ओलांडायचं. गोफ विणतात बघ, तसं. तुझ्या मागं लागलेला आपोआप माझ्या नाकासमोर येतो, आणि माझ्या मागचा तुझ्या. पण ह्याला दोघं लागतात. एक सरळ पळाला की दुसरा पण मेला.

डावी बाजू बघायला तुझ्याजवळ माणूस आहे हे बरं आहे. तेवढं तरी ऐकत जा.

हृदय निम्मंच चालतंय म्हणाले. अंगात जरा ताकद आली की झडप बदलायची. तोवर जिना न्हाय, गर्दी न्हाय, राग न्हाय, मनाला धक्का न्हाय. रुक्मीनं माझा फोन पण काढून घेतलाय. सात वाजताचं विमान तेवढं सोडणार न्हाय असं मी तिला ठणकावून सांगितलंय. ती म्हणाली, उडा.

अण्णा

*

शहापूर, बेळगाव
२० फेब्रुवारी २०२५

आक्का,

काल तेरावा झाला. तुम्ही आला नाहीत ते बरोबरच केलंत. तासाभरासाठी आला असता तरी परत गेल्यावर अण्णांनी तुमच्या तोंडाकडं बघून ओळखलं असतं, धाकटा भाऊ गेला म्हणून.

मला अजून खरं वाटत नाही. त्या शुक्रवारी सकाळी हे ऑफिसला निघाले, फाटकाशी गाडीला किक मारायला वाकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, छातीत आधीपासून असणार. आक्का, अण्णांचं हृदय आपण सगळ्यांनी दोन वर्षं तळहातावर सांभाळलं. ह्यांना कधी कुणी विचारलं नाही, तुम्हाला दम लागतो का? मी शेजारी बसून वह्या तपासत होते. हे मला जन्मभर खाणार आहे.

तुम्ही निरोप पाठवलात की अण्णा रोज सातला खुर्चीत बसून वाट बघतात, बेळगावचं इंटरनेट बंद आहे असं किती दिवस सांगू? म्हणून मी एक ठरवलंय. वेडी म्हणू नका. ह्यांच्या खुर्चीत मी बसणार. चार वर्षं शेजारी बसून सगळं बघितलंय, आणि परत हॉस्टेलला जाण्याआधी आमच्या लेकीनं, अदितीनं तीन दिवस शिकवलंय. विमान ह्यांच्याच नावानं उडतं, आत कोण बसलंय ते कुणाला दिसत नाही. अण्णांना सांगा, आनंदच्या घशातल्या पडद्यांना सूज आलीय, डॉक्टरांनी तीन महिने बोलायला बंदी केलीय. पत्रं मी कॉम्प्युटरवर छापून पाठवीन. ह्यांच्या अक्षराला अण्णा वैतागलेलेच आहेत.

ऑपरेशन होईपर्यंत एवढं निभावू. मग सांगू. पाप लागलं तर ते मला लागू दे.

तुमची,
विद्युल्लता

*

शहापूर, बेळगाव
२४ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

पाया पडतो. वहिनींनी घशाचं सांगितलं असेलच. हे छापून पाठवतोय, आता तुला दोन चष्मे लागणार न्हाईत.

परवा पंधरा दिवसांनी बसलो तर हात सगळं विसरून गेलाय. पहिल्या तीन खेपेला जळालो, त्यात एकदा उडतानाच झाडात गेलो. तू हसला न्हाईस, शिव्या पण दिल्या न्हाईस. मला वाटलं, रागावलास.

बोलता येत न्हाय, तर "होय" म्हणायचं असलं की दोन्ही पंख हलवीन. तू विचारत जा.

आणि अण्णा, मला परत पहिल्यापासून शिकव. दुसऱ्याला पाडायचं राहू दे. वाचायचं कसं तेवढंच शिकव.

तुझा,
आनंद

*

निपाणी
१ मार्च २०२५

आनंदा,

उत्तराला उशीर झाला. तीन-चार दिवस मला बरं नव्हतं.

पहिल्यापासून म्हणतोस, तर घे. निम्मा वेळ मागं बघत जायचं. पुढं आभाळच असतंय, ते कुठं पळून जात न्हाय. मागचा दिसला की लगेच वळायचं न्हाय. तो लांब असताना वळलीस तर त्याला पण वळायला सवड मिळती. जवळ येऊ दे. त्याचं नाक तुझ्या पुढच्या जागेवर रोखलं गेलं की मग वळ. छातीत धडधडतंय तेवढा वेळ थांबणं हेच अवघड. बाकी सगळं हाताला येतंय.

वळताना विमानाची काठी पोटात ओढून धरू नको. फार जोरात वळलं की वेग जातो, आणि वेग गेलेलं विमान म्हणजे नुसता लोखंडाचा डबा. जरा खाली उतरत वळायचं. खाली गेलो म्हणून लाज वाटून घ्यायची न्हाय. उंची परत मिळवता येती, विमान परत मिळत न्हाय.

मागचा फार वेगात आला तर त्याला पुढं निघून जाऊ दे. आडवं हो, हळू हो. तो गेला की तू त्याच्या मागं असणार. सगळ्याच गोष्टींशी झुंजायचं नसतंय.

हात थरथरतोय. विमान हलतं त्यावरून कळतं. त्याला काय इलाज न्हाय, रोज बसत राहायचं. आणि वेळेवर जेवत जा. खिचडी तरी.

अण्णा

*

निपाणी
६ मार्च २०२५

विद्युल्लता,

लई धाडसाची गं तू. मला तर ह्यांच्यासमोर चहाचा कप ठेवताना मान वर करवत न्हाय. गल्लीत सगळ्यांना बजावलंय, येणारा-जाणारा तोंड मिटून असतोय. मला सुतक असताना रोज देवापुढं दिवा लावला, वास यावा म्हणून एकदा पुरण घातलं. न लावावं तर ह्यांनी विचारलं असतं. देव मला माफ करंल का न्हाय, कुणास ठाऊक.

ह्यांची पण गंमत सांगते. तू पहिल्यांदा विमानात बसलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस हे देवाकडं फिरकले न्हाईत. दाढी न्हाय, गोड नको, चहा पण बिनसाखरेचा. चौथ्या दिशी उठून डोक्यावरनं गार पाणी ओतून घेतलं. मी लई बोलले, सर्दी झाली म्हंजे काय करायचं? गप ऐकून घेतलं. नवीन गोळ्यांनी उष्णता वाढली असंल.

बाकी संशय न्हाय. सातला विमानात बसलं की तुझ्याशी बोलत असतात, म्हंजे आनंदभावजींशी. मी दाराआड उभी राहून ऐकते आणि न्हाणीत जाऊन रडते. नळ सोडला की ऐकू येत न्हाय.

रुक्माबाई

*

शहापूर, बेळगाव
३० मार्च २०२५

अण्णा,

पाया पडतो. आज पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, सगळं नेहमीसारखं झालं.

काल तू मोजलंस का? सोळा मिनिटं माझ्यामागं दोघं लागलेले आणि मी पडलो न्हाय. तू सांगितलंस तसं थांबलो, नाक रोखलं गेलं तेव्हा वळलो, आणि तुझ्याकडं आलो. तू समोरून येताना दिसलास तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत न्हाय. आपण एकमेकांना ओलांडून गेलो. पाच वेळा गोफ झाला.

दिवसभर कसातरी वेळ जातो. सात वाजले की टोपी घालतो. टोपीला तेलाचा वास येतो, धुवायची न्हाय असं ठरवलंय.

तुझा,
आनंद

*

निपाणी
१४ एप्रिल २०२५

आनंदा,

गोफ छान विणतोस आता. पण शनिवारी काय केलंस ते? माझं विमान जळालं, मी छत्री घेऊन उडी टाकली. तू तळाकडं परतायचं सोडून माझ्या छत्रीभोवती घिरट्या घालत बसलास. मी "जा, जा" म्हणून ओरडतोय आणि तू ऐकत न्हाईस. शेवटी तुलाही पाडलं. अरं, खेळात कुणी मरत न्हाय. छत्री खाली टेकली की मी परत नवीन विमानात बसतोय. चार वर्षांत कधी केलं न्हाईस ते आताच कुठं शिकलास?

ऑपरेशनची तारीख मिळाली, सहा मे, कोल्हापूर. तू येऊ नकोस. तुला बोलता येत न्हाय, दवाखान्यात येऊन करणार काय? कचेरीची रजा उगंच घालवू नको. रुक्मीचा भाऊ मष्णू आहे संगट. न्हाय आलास म्हणून मला वाईट वाटणार न्हाय, हे लिहून देतो.

अण्णा

*

शहापूर, बेळगाव
२० एप्रिल २०२५

अण्णा,

पाया पडतो. खेळात कुणी मरत न्हाय हे मला ठाऊक आहे. पण तुझी छत्री खाली उतरेपर्यंत मला तिथून जाता येईना. कुणीतरी बघत असावं असं वाटलं. त्याला काही अर्थ न्हाय, मला कळतं.

तू म्हणतोस तर ऑपरेशनला येत न्हाय. मनानं तिथंच असेन.

तुझा,
आनंद

*

निपाणी
३ मे २०२५

चि. विद्युल्लता,

बावीस वर्षांत तुझ्यासमोर तुझं नाव मी तोंडातनं काढलं न्हाय. आज कागदावर घेतो. हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं भरमाला बजावलंय.

आनंदा गेला हे मला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं. तू तीनदा जळालीस म्हणून न्हाय, जळत तर तोही होता. चौथ्या खेपेला डावीकडून एक विमान आलं, आणि तू वळलीस. चार वर्षांत आनंदाला डावीकडून येणारं विमान एकदा पण आपणहून दिसलं न्हाय. ते दिसायचं तुला. "डावीकडं बघा की हो" हा आवाज मी रोज ऐकायचो आणि ऐकलं न्हाय असं दाखवायचो. आता तूच खुर्चीत. म्हणजे तो खुर्चीत न्हाय. आजारी असता, गावाला गेला असता, तर तसं सांगितलं असतंत. लपवायचं कधी, हे मला पण कळतं की गं. मी रुक्मीकडं वळून बघितलं. ती लसूण सोलत होती, आणि मान वर करत नव्हती. मग विचारायचं काय राहिलंच न्हाय.

माझ्या पाठीवरचा भाऊ. त्याला पोहायला मी शिकवलं, सायकल मी शिकवली. त्याला खांदा दिला न्हाय, शेवटचं तोंड बघितलं न्हाय. घरात रडायला जागा न्हवती, न्हाणीत रुक्मी असायची. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर तीन दिवसांचं सुतक. तेवढं पाळलं, चौथ्या दिवशी डोक्यावरनं पाणी घेतलं. माझ्याकडनं त्याचं एवढंच झालं.

तुला का सांगितलं न्हाय? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू बसली नसतीस. थोरल्या दिरापुढं भावजय कशी बसणार? मी मरीन म्हणून तू यायचीस, आणि एकटी पडून तू खचशील म्हणून मी यायचो. "वेळेवर जेव" हे मी तुला एरवी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? सगळे धडे तुलाच लिहिले, आनंदाचं नाव घालून. तू माझ्या छत्रीभोवती फिरत राहिलीस त्या दिवशी मी माईक बंद केला आणि खुर्चीतच रडलो. एकदाच.

रुक्मीला ह्यातलं सांगू नकोस. तिला वाटतंय, तिनं मला वाचवलं. तसंच वाटू दे. उत्तर आनंदाच्याच नावानं दे, पाकिटं तीच फोडते.

परत आलो तर सातला भेटू. न्हाय आलो तर सरळ पळू नकोस. मी तुझं उडणं अडीच महिने बघितलंय, फार लागलं की तू पण एका रेषेत लांब जातीस. रुक्मीकडं वळ.

तुझा थोरला दीर,
नागोजी

*

शहापूर, बेळगाव
४ मे २०२५

अण्णा,

पाया पडतो. तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते सगळं कळलं.

तू पहिल्या दिवसापासून माझी पाठ राखत होतास, आणि मला वाटत होतं मीच तुझी राखतोय. खूप बोलायचं आहे. तू परत आलास की तोंडानं बोलेन, घसा आता बरा आहे.

सरळ पळणार न्हाय. वळेन. पंख हलवतोय, बघ.

तुझा,
आनंद

*

निपाणी
२० मे २०२५

विद्युल्लता,

परवा ह्यांचं तेरावं उरकून तू गेलीस आणि घर खायला उठलं. माणसांच्या गर्दीत आपल्या दोघींना बसून बोलायला मिळालं न्हाय, म्हणून लिहिते.

ऑपरेशनला निघताना आनंदभावजींच्या नावाचं तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. परत वाच म्हणाले. परत वाचलं. मग घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि गाडीत बसायच्या आधी दारात उभं राहून दोन्ही हात बाजूला पसरले आणि वर-खाली हलवले. मष्णू हसायला लागला. मी म्हटलं, हे काय हो? तर म्हणाले, "होय म्हणतोय. कळव तिकडं." दुसऱ्या दिशी सकाळी दवाखान्यातच प्राण सोडला. ते कळवायचं ऱ्हायलं होतं, आज कळवते.

एक समाधान आहे गं. शेवटपर्यंत आपण कळू दिलं न्हाय. भाऊ जिवंत आहे ह्याच आनंदात गेले. पण आता दुसरंच मनात येतंय. वर गेल्यावर आनंदभावजी आधीच तिथं बसलेले दिसले असतील. हबकले असतील. आणि माझ्यावर लई रागावले असतील, रुक्मी, तू मला सांगितलं का न्हाईस म्हणून. तीस वर्षांत त्यांच्याशी एकदा खोटं बोलले, ते असलं.

सात वाजले की ती खुर्ची बघवत न्हाय. मशीन कुणाला देऊन टाकू का?

रुक्माबाई

*

शहापूर, बेळगाव
२३ मे २०२५

आक्का,

अण्णा तुमच्यावर रागावले नाहीत. कसं ते विचारू नका, पण हे मी देवाशपथ सांगते.

मशीन कुणाला देऊ नका. शाळेला अजून सुट्टी आहे. उद्या दुपारच्या गाडीनं निपाणीला येते, भरमाला जागा धरायला सांगितलंय. ह्यांची टोपी बरोबर आणते. सात वाजता अण्णांच्या खुर्चीत मी बसेन आणि तुम्ही शेजारी लसूण सोलत बसा. तुम्हाला त्यातलं काही यायला नको. डावीकडून कोण येतंय, तेवढं मला सांगत राहा.

विद्युल्लता